मनोरंजन विभागाची साफसफाई

हुद्दा: सहायक ग्रंथपाल. विभाग: मनोरंजन (प्रेमकथा व रहस्यकथा), तळमजला, जिन्याखाली. बांधा: मध्यम, खांद्यांपाशी किंचित वाकलेला. चष्मा: एक नाकावर, एक खिशात. व्यसन: नाही. वाचन: केवळ दर्जेदार. वाचकांशी वागणूक: सौजन्याची, तथापि अंतर राखून. विशेष कामगिरी: विभागातील समस्त पुस्तकांची पाने विद्रूपीकरणातून मुक्त करून वाचकवर्गाचा विश्वास कायमस्वरूपी संपादन केला. सबब सदर कर्मचाऱ्यास हे प्रशस्तिपत्र देण्यात येत आहे.

यातली शेवटची दोन वाक्यं वाचनालयाच्या कार्यवाहांनी खरोखरच लिहिली होती आणि ती चौकटीत बसवून काउंटरच्या मागे टांगलेली होती. आधीची वाक्यं कुठंच लिहिलेली नव्हती, पण वाचनालयात सगळ्यांना पाठ होती.

या गृहस्थांचं नोकरीतलं बहुतेक आयुष्य वर, संदर्भ विभागात गेलं. कोश, नकाशे, जुन्या अहवालांचे गठ्ठे यांच्यात ते सुखात होते. तिथंच त्यांचं नाव ‘तळटीप’ पडलं. त्यांना काहीही विचारलं, अगदी किती वाजले हे जरी विचारलं, तरी उत्तर देऊन झाल्यावर ते जरा थांबत आणि आवाज उतरवून त्याखाली आणखी काहीतरी जोडत. पुढे लोकांना सगळं खिशातल्या फोनवर सापडू लागलं. संदर्भ विभागात पंखा आणि तळटीप एवढेच उरले. मग पंखा बंद झाला आणि तळटीप खाली आले.

खाली म्हणजे जिन्याखाली. डाव्या हाताच्या कपाटात गालाला गाल लावून उभी राहिलेली जोडपी, उजव्या हाताच्या कपाटात रक्ताळलेले सुरे आणि मधोमध यांचं टेबल. पहिल्याच दिवशी त्यांनी खुर्चीचं तोंड भिंतीकडे करून घेतलं. घरी सांगताना त्यांनी ‘ललित विभागात बदली झाली’ असं सांगितलं.

“ललित म्हणजे ते प्रेमाच्या कादंबऱ्यांचं ना, जिन्याखालचं?” बायकोने विचारलं.

“त्यात इतरही बरंच असतं.”

“हो, खून पण असतात,” बायको म्हणाली आणि भांडी लावायला लागली.

बदली झाली त्याच सुमारास वरून तपासणी येणार असल्याची वर्दी आली. पुस्तकमोजणीसाठी वाचनालय बंद ठेवलं होतं. काउंटर सांभाळणाऱ्या ताई लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर होत्या. म्हणजे तळटीप आणि ती दोन कपाटं, मध्ये तिसरं कोणी नाही. मोजता मोजता त्यांनी एक पुस्तक उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आत पेन्सिलीच्या खुणा आहेत. दुसरं उघडलं, त्यातही होत्या. कुणी पानाच्या आकड्याला गोल केलेला, कुणी समासात फुली मारलेली, कुणी शेवटच्या ओळीखाली माशीच्या पायाएवढी रेघ ओढलेली. एकेका पुस्तकात अशा कितीतरी, आणि सगळ्या चोरून काढल्यासारख्या बारीक.

ज्या पुस्तकांत अधोरेखित करण्यासारखं एक वाक्य नाही, त्यांत रेघा ओढणाऱ्या लोकांबद्दल तळटीपांच्या मनात जे आलं ते सौजन्याचं नव्हतं. त्यांनी स्वतः जाऊन मऊ खोडरबर आणले. कागदाला दुखणार नाही अशा बेताने, एका दिशेनं घासत, वर फुंकर आणि मग मऊ फडकं, असं एकेक पान ते साफ करत गेले. प्रत्येक खूण आधी नीट न्याहाळायची आणि मग पुसायची, ही त्यांची पद्धत. संदर्भ विभागाची शिस्त अंगात मुरलेली होती. काम संपलं तेव्हा जिन्याखाली उतरल्यापासून पहिल्यांदाच त्यांना ताठ बसावंसं वाटलं.

तपासणी झाली. पाहुण्यांनी दहा पुस्तकं उघडून पाहिली, पानं कोरी करकरीत. छोटा समारंभ झाला, चौकट आली. सभासदांनी टाळ्या वाजवल्या. आपण नेमक्या कशासाठी टाळ्या वाजवतो आहोत हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, ही गोष्ट पुढे तळटीपांना सलत राहिली.

वाचनालय उघडल्यावर आधी आले ते निवृत्त पोस्टमास्तर. ते फक्त प्रेमकथा नेत आणि त्या सूनबाईंसाठी नेत. हे ते दर वेळी न विचारता सांगत. त्या आठवड्यात त्यांनी एक पुस्तक नेलं आणि दुसऱ्याच दिवशी परत आणलं.

“सूनबाई म्हणतात, हे वाचलंय.”

दुसरं नेलं. तेही परत आलं.

“हेही वाचलंय म्हणतात. अर्धं झाल्यावर आठवलं तिला. सूनबाईंचं डोकं हल्ली ठिकाणावर नाही हो,” पोस्टमास्तर म्हणाले आणि हसायला गेले, पण ते हसू काही जमलं नाही.

नाक्यावरचा औषधवाला रहस्यकथा नेणारा. तोही कपाटापुढे उभा राहून पुस्तकं उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा. एकदा तर त्याने पुस्तक उजेडाकडे तिरपं धरून पाहिलं. तळटीपांनी विचारलं, “काही हवंय का?” तो दचकून म्हणाला, “नाही नाही, छपाई बघतोय.”

पुढच्या आठवड्यात काउंटरताई रजेवरून आल्या. आल्या आल्या नातीचे फोटो सगळ्यांना दाखवून झाले. मग सवयीने त्यांनी परत आलेल्या पुस्तकांतलं एक उघडलं आणि बोट पानावरून फिरवलं. दुसरं उघडलं. तिसरं उघडलं.

“अगं बाई! साहेब, यातल्या खुणा कुठं गेल्या?”

“पुसल्या,” तळटीप म्हणाले. मग जरा थांबून, “विद्रूपीकरण होतं ते. नियम बारा.”

“डोंबलाचं विद्रूपीकरण! त्या लोकांच्या वाचल्याच्या खुणा होत्या, साहेब. प्रत्येकाचं पान ठरलेलं, खूण ठरलेली. या सगळ्या पुस्तकांची तोंडं सारखी, नावं सारखी. कुठलं वाचलंय, कुठलं नाही, कसं कळायचं? कपाटापुढे उभं राहायचं, आपलं पान काढायचं. खूण असली की ठेवून द्यायचं, नसली की घरी न्यायचं. वर्षानुवर्षं चाललंय हे.”

“मला कोणी सांगितलं नाही.”

“कोण सांगणार? पुस्तकात लिहू नये अशी पाटी तुमच्या डोक्यावर लटकतेय. आणि वाचलेलं आठवत नाही, हे तोंडानं कबूल करतं का कोणी? प्रत्येकाला वाटतं, ही युक्ती आपल्या एकट्याचीच.”

“मग तुम्हाला कसं कळलं?”

“मी काउंटरवर बसते, साहेब. तोंड भिंतीकडे करून बसत नाही.”

तळटीपांचे कान तापले. त्यांच्या डोळ्यांपुढे पोस्टमास्तर आले, उजेडाकडे पुस्तक धरणारा औषधवाला आला. एवढे दिवस हे लोक कपाटापुढे उभे राहून काय समजत असतील? आपली खूण नाही म्हणजे आपण हे वाचलेलं नाही. आणि घरी जाऊन वाचायला बसल्यावर सगळं ओळखीचं निघतं. म्हणजे आपणच खूण करायला विसरलो. एकदा नाही, प्रत्येक पुस्तकात विसरलो.

“सांगून टाका त्यांना,” काउंटरताई म्हणाल्या.

“बघतो मी.”

‘बघतो मी’ म्हणजे काय ते कुठल्याही कचेरीत विचारा. तळटीप रोज सकाळी ठरवत की आज सांगायचं. कोणीतरी सभासद समोर यायचा, तळटीपांच्या पाठीमागे ती चौकट असायची, आणि तोंडातून ‘पावसापाण्याचं कसं काय?’ असं काहीतरी बाहेर पडायचं. मग त्यांना एक मार्ग सुचला, ज्यात कबुली द्यावी लागत नव्हती. जुन्या पुस्तकांत घोटाळा झाला आहे ना? मग नवी आणायची. नव्या लेखकांची, आजवर इथं कोणी नाव न ऐकलेली. जे कोणी वाचलेलंच असू शकत नाही, ते विसरण्याचा प्रश्नच नाही.

विचार तर्कशुद्ध होता. अडचण एवढीच होती की या लेखकांचा ठावठिकाणा त्यांना माहीत नव्हता. ते जी मासिकं वाचत त्यांत या पुस्तकांची परीक्षणं येत नसत. आली तरी ती लिहिणाऱ्याने पुस्तक चिमट्याने धरलेलं असे. शेवटी ते आपल्या वस्तीपासून लांब, ओळखीचं कोणी भेटणार नाही अशा बाजारात पुस्तकांच्या दुकानात गेले आणि दुकानदाराला म्हणाले, “जरा प्रेमाच्या आणि खुनाच्या कादंबऱ्या बघायच्या होत्या. नव्या लेखकांच्या. बहिणीसाठी.”

“बघा की,” दुकानदार म्हणाला. “आमच्याकडे सगळ्यांच्या बहिणी फार वाचतात.”

तळटीप उभ्या उभ्या वाचू लागले. त्यांनी नियम केला होता: उभं राहून तीन पानं वाचायची आणि ठेवून द्यायचं. पहिल्या तीन पुस्तकांत नियम पाळला गेला. चौथ्या पुस्तकात ते कधी स्टुलावर बसले ते त्यांचं त्यांना कळलं नाही. दुकानदाराने दिवा लावला तेव्हा त्यांनी मान वर केली. तेव्हापासून नियम बदलला. उभं राहून वाचायला घ्यायचं, बसलो तर विकत घ्यायचं.

असे त्यांना एकेक लेखक सापडत गेले. एक दंतवैद्य बाई होत्या, त्यांचे सगळे खुनी अतिशय स्वच्छ आणि वेळेवर येणारे. एक गृहस्थ विमा कंपनीत जळालेल्या दुकानांची पाहणी करत आलेले, त्यांच्या कादंबरीत आग लागली की वाचणाऱ्याला धुराचा वास येई. दोघी बहिणी मिळून प्रेमकथा लिहीत. त्यांचं आपसात बोलणं नाही, अशी वदंता होती, आणि त्यांच्या नायक-नायिकांचं भांडण वाचलं की ती खरी वाटे. तळटीप वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचत. बसमध्ये वाचत. दोनदा आपला थांबा सोडून पुढे गेले. ऑफिसातल्यांना ते ‘निवडीचं काम’ म्हणत. पण कुणी पाठीमागून आलं की पुस्तकावर अहवाल ठेवत.

लाज आता दोन प्रकारची झाली होती. एक खुणांची, ती पोटात असे. दुसरी ही, चेहऱ्यावर येणारी. गंमत म्हणजे चेहऱ्यावरची झाकण्यात इतका वेळ जाई की पोटातलीची आठवण राहत नसे.

एका संध्याकाळी ते त्या दोघी बहिणींचं पुस्तक वाचत खिडकीत बसले होते. बायको कपडे आणायला गेली आणि थांबली.

“रडताय का काय?”

“छे. डोळ्यात काहीतरी गेलं.”

“ती परत फिरते आणि त्याला मागून हाकसुद्धा मारत नाही, तिथं ना? काल तुम्ही आंघोळीला गेला होता तेव्हा माझ्याही डोळ्यात तिथंच गेलं.”

इतक्या वर्षांच्या संसारात या दोघांनी एकच पुस्तक वाचण्याची ही पहिली वेळ. तळटीपांना खरं तर बरं वाटायला हवं होतं. आयुष्यभर तिच्या हातातल्या पुस्तकाकडे आपण ज्या नजरेनं पाहिलं ती नजर त्यांना आठवली, आणि ते कव्हर सारखं करत बसले.

काउंटरशेजारी ‘नवे लेखक’ अशी फळी लागली. आठ दिवसांत ती रिकामी होऊ लागली. सूनबाई खूश असल्याचं पोस्टमास्तरांनी कळवलं. औषधवाला दंतवैद्य बाईंच्या पुस्तकासाठी रांग मोडून पुढे येऊ लागला. ‘साहेब, तुमची निवड म्हणजे निवड,’ असं लोक म्हणू लागले. खुर्चीचं तोंड भिंतीकडून हळूहळू काउंटरकडे वळलं. सगळं निस्तरलं गेलं, असं तळटीपांनी स्वतःला सांगितलं. काउंटरताईंना सांगायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, “सिस्टर दिसल्या का हो एवढ्यात?”

सिस्टर म्हणजे मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या मुख्य परिचारिका. एकट्या राहत. मुलगा दूरच्या शहरात. उंच, सडपातळ, चालताना पायांचा आवाज न करणाऱ्या. त्या आत आल्या की जोरात बोलणारी माणसं आपोआप हळू बोलत. त्या फक्त रहस्यकथा वाचत आणि पुस्तक परत करताना लेखकाला शेरा देत. ‘विषाचा डोस चुकलाय’, ‘एवढं रक्त निघत नाही’ अशा धर्तीचा. बऱ्याच दिवसांनी त्या आल्या तेव्हा तळटीपांनी पुढे होऊन, आदल्या दिवशी गठ्ठा फोडून काढलेली एक कादंबरी त्यांच्या हातात ठेवली. लेखकाचं पहिलंच पुस्तक. शाईचा वास येत होता.

“सिस्टर, ही तुम्हीच आधी वाचायची.”

त्यांनी नेली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या आणि पुस्तक काउंटरवर ठेवलं.

“हे मी वाचलंय.”

“शक्यच नाही, सिस्टर. परवा छापून आलंय.”

“तिसऱ्या प्रकरणातच मला कळलं की खून माळ्याने नाही, भाच्याने केलाय. शेवट काढून पाहिला. भाच्यानेच केलाय. वाचल्याशिवाय कसं कळेल?”

तळटीपांना उत्तर येत होतं. तुम्ही हुशार आहात म्हणून कळलं. आयुष्यभर अशीच पुस्तकं वाचलीत म्हणून कळलं. ही पुस्तकं नवी असली तरी एकमेकांची भावंडं असतात म्हणून कळलं. यातलं काहीही बोलता आलं असतं. ते म्हणाले, “रहस्यकथांमध्ये भाच्यांचं प्रमाण मुळातच जास्त असतं.”

सिस्टर हसल्या नाहीत.

“माझी थोरली बहीण अशीच सुरू झाली होती,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच, रुग्णाच्या नातेवाइकांना माहिती द्यावी तसा. “आधी पुस्तकं. मग गॅस. मग माणसं. मला सगळे टप्पे माहीत आहेत. गेले काही महिने मी जे पुस्तक उघडते ते वाचलेलं निघतं, आणि वाचल्याचं मला आठवत नाही. मुलगा कधीचा मागे लागलाय, एकटी राहू नकोस म्हणून. मी त्याला हो म्हटलंय. रविवारी येतोय न्यायला. घर देऊन टाकायचं. हे माझं कार्ड, बंद करून टाका.”

काउंटरताईंनी तळटीपांकडे पाहिलं. तळटीपांनी कार्डाकडे पाहिलं.

“आज कार्यवाह नाहीत,” ते म्हणाले. “कार्ड उद्या रद्द होईल.”

तेवढंच धैर्य त्यांच्यापाशी त्या क्षणी होतं. सिस्टर पायांचा आवाज न करता निघून गेल्या.

“साहेब,” काउंटरताई म्हणाल्या, “मी सांगितलं तर ती चहाडी होईल. तुम्ही सांगितलं तर कबुली होईल. आणि कोणीच नाही सांगितलं तर त्याला काय म्हणतात, ते तुम्ही शोधा. कोश तुमच्याकडे आहेत.”

ऑफिस सुटल्यावर तळटीप सिस्टरांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत खोकी बांधून ठेवली होती. भिंतीवर जिथं तसबिरी होत्या तिथं फिकट चौकोन. स्वयंपाकघराच्या दारातून शेगडीचं बटण दिसत होतं. त्याच्या शेजारी चिकटपट्टीने लावलेला कागद, वर सुवाच्य अक्षरात ‘बंद केला का?’. तो कागद पाहिल्यावर तळटीपांना वाटलं की आल्या पावली परत फिरावं. ते बसले.

“चहा ठेवते.”

“नको. सिस्टर, मला एक सांगायचंय. तुम्ही पुस्तकात वाचल्याची खूण करत होता.”

स्वयंपाकघराकडे निघालेल्या सिस्टर दारातच थांबल्या.

“त्या खुणा मी पुसल्या. तुमच्याच नाही, सगळ्यांच्या, सगळ्या पुस्तकांतल्या. मोजणीच्या वेळी. मला माहीत नव्हतं त्या कसल्या होत्या. तुम्ही काही विसरलेल्या नाही. खुणा होत्या, मी खोडरबरने घालवल्या.”

सिस्टरांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांचा चेहरा मऊ झाला.

“तुम्ही फार चांगले आहात हो,” त्या म्हणाल्या. “वॉर्डात मीही असंच सांगायचे. म्हाताऱ्या माणसाच्या हातून पाणी सांडलं की म्हणायचे, आजोबा, पेलाच गळका आहे. मग त्यांना झोप लागायची.”

“सिस्टर, हे तसं नाही. पेला खरंच मी फोडलाय.”

“काउंटरवरच्या बाईंनी पाठवलं ना तुम्हाला? मायाळू आहेत त्या. सांगा त्यांना, मी ठीक आहे.”

गेले कित्येक महिने तळटीपांना एकच भीती होती, की लोकांना खरं कळेल. खरं सांगूनही ते खरं धरलं जाणार नाही, ही शक्यता त्यांच्या कुठल्याच विचारात बसलेली नव्हती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“कुठली खूण कुणाची ते मला ठाऊक नाही,” ते म्हणाले. “पण खुणा मला आठवतात. प्रत्येक नीट बघून मग पुसली. प्रेमकथांमध्ये एक पाकीट असायचं, चौकोन आणि वर दोन तिरप्या रेघा. पान नऊ. रहस्यकथांमध्ये एक गोळी, अर्धी काळी केलेली. पान तीस. एक फुलपाखरू. एक नुसतीच फुली, कागद फाटेल एवढी दाबून. एक होतं पान चौदावर. खाली, कोपऱ्यात. उभी रेघ आणि तिच्या टोकाला टिंब. मला ते उद्गारचिन्ह वाटलं होतं.”



“थर्मामीटर आहे तो,” सिस्टर म्हणाल्या.

मग त्या एका खोक्यावर बसल्या. दोन्ही हात मांडीवर ठेवून, समोर बघत.

“चौदा नंबरचा वॉर्ड होता माझा. पहिला. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. मुलालाही नाही.” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “मी स्मरणाच्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे जाऊन आले. माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा. त्याच्यापुढे बसून शंभरातून सात वजा करत गेले. सगळं बरोबर आलं, तरी मला वाटलं की मी याला फसवतेय.”

आयुष्यात पहिल्यांदाच तळटीपांपाशी खाली जोडायला काही नव्हतं.

“तुम्हाला हे कधी कळलं? खुणा कसल्या होत्या ते.”

हा प्रश्न येणार हे त्यांना वाटेत माहीत होतं. त्याचं उत्तर त्यांनी मुद्दामच तयार केलं नव्हतं.

“काउंटरताई रजेवरून आल्या तेव्हा.”

“म्हणजे आजची गोष्ट नाही.”

“नाही.”

“मधे एवढे महिने काय केलंत?”

“नवे लेखक शोधले. नवी पुस्तकं आणली. कुणी वाचलेलीच नसतील अशी.”

“नवी पुस्तकं,” सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. “चांगली होती ती. म्हणून जास्त राग येतोय. त्या आगीच्या पुस्तकाने मला दोन दिवस सगळं विसरायला लावलं, आणि नंतर मी त्या विसरण्यालाच घाबरले. ते पाकीटवाले कोण? पोस्टमास्तर ना? आणि गोळी म्हणजे आपला औषधवाला. त्यांना सांगितलंत?”

“अजून नाही.”

“मग इथं का बसलाय?”

तळटीप उठले. दारापर्यंत गेल्यावर त्यांना वाटलं, काहीतरी बोलायला हवं. वळून पाहिलं तर सिस्टर शेगडीजवळचा कागद नखाने सोडवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

सगळ्यांना एकदम सांगता येईना, कारण तसं केलं असतं तर प्रत्येकाचं गुपित चव्हाट्यावर आलं असतं. म्हणून तळटीपांनी एकेकाला जिन्याखाली बोलावून, वॉर्डात सांगावं तसं हळू आवाजात सांगितलं. औषधवाल्याने सगळं ऐकून घेतलं, एक शिवी दिली, आणि सुटल्यासारखा मोठ्याने हसला. पोस्टमास्तर म्हणाले, “कसल्या खुणा? मी बुवा पुस्तकात काही लिहीत नाही. सूनबाईंना विचारतो.” दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले.

“सूनबाई म्हणतात, माणूस आहे, चुकायचंच.”

“आभारी आहे.”

“पण सूनबाईंना फार दिवस झोप नव्हती, हेही त्या म्हणतात.”

कार्यवाहांनाही तळटीपांनी जाऊन सांगितलं आणि प्रशस्तिपत्र उतरवायची परवानगी मागितली. कार्यवाहांनी विचार केला. भिंतीला रंग नवा दिलेला होता आणि चौकट काढली असती तर मागे जुन्या रंगाचा डाग दिसला असता. तेव्हा ते आहे तिथंच राहू द्यावं, असं ठरलं. ‘नवे लेखक’ ही फळी आता दोन फळ्यांची झाली आहे, तिची निवड तळटीपच करतात आणि पुस्तकाला कव्हर न घालता बसमध्ये वाचतात.

सिस्टर आपल्याच घरात राहतात. त्या आता पुलापलीकडच्या वाचनालयाच्या सभासद आहेत.